आधी काय, मग काय? – डिजिटल रिपॉझिटरीच्या मागण्यांचा क्रम

सबमिशनचा महिना आला की हॉस्टेलमध्ये एक प्रश्न खोलीखोलीतून फिरतो, "मागच्या बॅचच्या ब्लॅक बुकची सॉफ्ट कॉपी कोणाकडे आहे का रे?" ती कॉपी कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमध्ये असते, पेन ड्राइव्ह गावी असतो आणि त्याचा मालक पुण्यात नोकरीला लागलेला असतो. लायब्ररीत विचारले तर छापील प्रत कपाटात मिळते. तिच्या शेवटच्या पानाला चिकटवलेल्या पाकिटात सीडीही असते, पण सीडी लावायला आपल्यापैकी एकाच्याही लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो.

यावर उपाय म्हणून लायब्ररीने डिजिटल रिपॉझिटरी उभी करायचे ठरवले आणि कॉम्प्युटर विभागातल्या आम्हा चौघांना त्या कामाला घेतले. रिपॉझिटरी म्हणजे कॉलेजमध्ये तयार होणारे लेखन, म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्ट, सर-मॅडमचे पेपर, जुनी नियतकालिके, सर्वेक्षणे, हे सगळे कायम जपणारे आणि शोधता येईल असे ठेवणारे सॉफ्टवेअर. नुसत्या वेबसाइटवर फाइल टांगणे आणि रिपॉझिटरी यात फरक आहे तो 'कायम' या शब्दाचा. यासाठीची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. साउथॅम्प्टन विद्यापीठाचे ईप्रिंट्स २००० साली आले, एमआयटी आणि एचपीने मिळून केलेले डीस्पेस २००२ साली. आपल्याकडच्या पीएचडी प्रबंधांचा 'शोधगंगा' हा साठा डीस्पेसवरच चालतो. आम्हीही डीस्पेस घेतले. ते इन्स्टॉल कसे करायचे हे मॅन्युअलमध्ये आहे, इथे सांगत बसत नाही. खरी डोकेदुखी त्याच्या आधीची आहे. प्रत्येकाला त्यात काहीतरी हवे असते, हातात वेळ एका सेमिस्टरचा आणि माणसे चार. मग आधी काय करायचे?

मागण्यांचा पाऊस

आम्ही लायब्ररीच्या दारात एक वही ठेवली आणि ज्याला जे हवे ते लिहा म्हटले. आठवड्याभरात वही भरली. हॉस्टेलच्या पोरांना मोबाइल ॲप पाहिजे होते, रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून काळा स्क्रीन पाहिजे होता, आणि 'सगळे रिपोर्ट एका क्लिकवर डाउनलोड' हे तर पाच जणांनी लिहिले होते (हेतू वेगळा सांगायला नको). सरांना चोरी पकडणारी सोय हवी होती. ऑफिसला दर वर्षीचे आकडे तक्त्यात हवे होते. कोणीतरी मुखपृष्ठावर सरकणारे फोटो मागितले होते. लायब्ररी मॅडमनी शेवटच्या पानावर तीनच ओळी लिहिल्या होत्या: मराठीत शोध लागला पाहिजे, फाइल खराब झाली तर कळले पाहिजे, आणि आज दिलेली लिंक दहा वर्षांनी उघडली पाहिजे.

क्रम लावायच्या पद्धती पुस्तकांत बऱ्याच आहेत. त्यातली 'मॉस्को' पद्धत तुमच्यापैकी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकलेल्यांना माहीत असेल. डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये मांडलेली, 'हवेच, असावे, असले तर बरे, सध्या नको' अशी चार खणांची. अडचण अशी की चौथ्या खणात आपली मागणी टाकायला कोणी तयार होत नाही. सगळ्या गोष्टी 'हवेच'मध्ये जाऊन बसतात, हॉस्टेलच्या मेसमधल्या पहिल्या रांगेसारख्या.

म्हणून मग शंभर रुपयांचा खेळ केला. प्रत्येकाला खोटे शंभर रुपये द्यायचे आणि ते मागण्यांवर वाटायला सांगायचे. यात हात आखडता येतो, हा त्याचा फायदा. खेळ रंगला. मोबाइल ॲपवर पैशांचा ढीग पडला. फाइल खराब झाल्याचे ओळखणाऱ्या 'चेकसम'ला मॅडमच्या स्वतःच्या पैशांखेरीज एक रुपया मिळाला नाही.

मतदान म्हणून हे ठीक आहे. पण रिपॉझिटरीचा मोठा गिऱ्हाईक कोण? जो अजून कॉलेजात आलाच नाही तो. त्याचे शंभर रुपये कोणाच्याच हातात नव्हते. हे ध्यानात आले आणि आम्ही शेजारच्या एका मोठ्या साठ्याकडे बघायचे ठरवले.

खोडदचा धडा

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, हे जुन्नर-आंबेगावातल्या पोरांना सांगायला नको. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, तिथल्या प्रदर्शनात आपल्यातल्या कित्येकांनी शाळेत असताना मॉडेल मांडलेले आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. १४ मध्यभागी, साधारण एका चौरस किलोमीटरच्या परिसरात, आणि बाकीच्या १६ इंग्रजी 'वाय'च्या आकारातल्या तीन भुजांवर, पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. ताणलेल्या दोरांवर बसवलेल्या जाळीच्या त्या डिश बघून परदेशी लोक आश्चर्य करतात. २०२० साली तिला आयईईई या संस्थेचा 'माइलस्टोन' हा मान मिळाला. पण आपला विषय डिश नव्हे, त्यातून येणारा डेटा.

३० डिशच्या जोड्या किती? ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५. प्रत्येक जोडीचे सिग्नल एकमेकांशी गुणायचे आणि थोड्या थोड्या सेकंदांची सरासरी काढून ती साठवायची, असे साधारण निरीक्षणाचे काम चालते. प्रत्येक डिशचा कच्चा सिग्नल जसाच्या तसा साठवायचा म्हटले तर डिस्क पुरणार नाहीत. म्हणजे दुर्बिणीलाही क्रम लावावाच लागतो. काय ठेवायचे, काय सोडायचे. आणि सरासरी एकदा काढली की आतले बारकावे परत येत नाहीत.

जे ठेवले, ते मात्र नीट ठेवले आहे. निरीक्षण ज्याने मागितले त्याच्यासाठी तो डेटा १८ महिने राखून ठेवतात, नंतर तो इतरांना खुला होतो. आता यातून काय घडले ते बघा. एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची मोठी पाहणी केली. पुढे वेगळ्या संशोधकांच्या गटाने तोच साठवलेला डेटा, दोन हजारांहून जास्त तासांचा, नव्या पद्धतीने पुन्हा गाळला आणि २०१७ मध्ये आकाशाच्या ९० टक्के भागाचा नकाशा आणि सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. डिश त्यासाठी पुन्हा एकदाही फिरवावी लागली नाही. २०१० साली डेटा साठवणाऱ्यांना हे लोक कोण, त्यांची पद्धत कोणती, हे माहीत असायचे कारण नव्हते. त्यांनी फक्त निरीक्षण कधी, कुठे, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर हे नोंदवून फाइल शाबूत ठेवली. पाहण्याची, गाळण्याची सॉफ्टवेअर नंतर बदलत गेली.

यावरून आम्ही आमचा नियम बनवला. कोणत्याही मागणीला एकच प्रश्न विचारायचा: आज केले नाही, तर पुढे करता येईल का? 'येईल' असे उत्तर आले की ती मागणी कितीही लाडकी असली तरी मागे. 'येणार नाही' असे आले की पुढे, मग तिला रुपया मिळालेला असो वा नसो. 'येईल, पण दर वर्षी खर्च वाढत जाईल' असे उत्तर आले तर हिशेब करायचा.

मोबाइल ॲप पुढच्या वर्षी केले तर काय बिघडते? काही नाही. डीस्पेसचेच उदाहरण घ्या. २०२१ मध्ये सातवी आवृत्ती आली तेव्हा त्यांनी वापरणाऱ्याला दिसणारा सगळा भाग नव्याने लिहिला, जुने दोन्ही चेहरे काढून टाकले. आतले साहित्य नव्या आवृत्तीत घेता येत होते. चेहरा बदलता येतो. न घेतलेली नोंद मागाहून आणता येत नाही.

पाय उरले, नावे उरली

'नोंद' म्हणजे ज्याला आपण मेटाडेटा म्हणतो ते. याचे सगळ्यात चांगले उदाहरण आपल्याच भागात नाणेघाटात आहे. तिथल्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे कोरलेले होते. आज ते पुतळे नाहीत, कुठे कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या दिसतात. पण प्रत्येक पुतळ्याच्या वर ब्राह्मी लिपीत त्या व्यक्तीचे नाव कोरले होते, ती नावे राहिली. म्हणून तर तिथे सिमुक सातवाहन होता, राणी नागनिका होती, हे कळते. मूळ वस्तू गेली आणि लेबलने इतिहास वाचवला. सर्व्हरशिवाय, विजेशिवाय, दोन हजार वर्षे! आपल्या सीडीवर मार्कर पेनने लिहिलेले 'फायनल_नवीन_२' हे त्या मानाने फारच कमी आहे.

डीस्पेसमध्ये नोंदीसाठी 'डब्लिन कोअर' नावाची पद्धत असते. तिच्यात मुळात १५ रकाने: शीर्षक, कर्ता, विषय, तारीख, भाषा वगैरे. सगळे भरायला लावले तर पोरे कंटाळून काहीही भरतात, हे फॉर्म भरण्याचा अनुभव असलेल्या कोणालाही माहीत आहे. म्हणून आम्ही सहाच सक्तीचे केले. त्यातला एक रकाना 'ठिकाण' असावा की नाही यावर बरीच बाचाबाची झाली. आमच्यातला एक जण म्हणाला, "शीर्षकात गावाचे नाव असतेच की, वेगळे कशाला?" त्याला विचारले, आंबेगाव म्हणजे कोणते? तालुका आंबेगाव, ज्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव. मूळ आंबेगाव हे गाव, जे डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. आणि तिसरे पुण्यात कात्रजजवळचे आंबेगाव बुद्रुक. 'आंबेगाव येथील पाण्याचा अभ्यास' या शीर्षकाचा रिपोर्ट तिन्हींपैकी कशाचाही असू शकतो, आणि लिहिणारा विद्यार्थी समोर असेपर्यंतच त्याला विचारता येते. रकाना सक्तीचा झाला. गाव, तालुका, आणि मोजमाप घेतले असेल तर अक्षांश-रेखांश.

आता खर्चाचा हिशेब. समजा वर्षाला १५० रिपोर्ट येतात. सबमिशनच्या वेळी विद्यार्थ्याने स्वतः नोंद भरायला पाच मिनिटे लागतात आणि ती पाच मिनिटे त्याची असतात. हेच काम दहा वर्षांनी करायचे तर १,५०० रिपोर्ट एकेक उघडून वाचावे लागतील. दहा मिनिटांना एक धरला तरी २५० तास. आणि एवढे करून जे रिपोर्टात लिहिलेलेच नाही ते मिळणार नाही ते नाहीच.

मराठीचे त्रांगडे

मॅडमची पहिली ओळ होती मराठी शोधाची. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला, कारण इथे नियम वापरताना खरी कसोटी लागली.

इंग्रजीत 'वेल'चे अनेकवचन शोधणे सोपे, शेवटचा एस काढला की झाले, आणि ती सोय सॉफ्टवेअरमध्ये तयार असते. मराठीत शब्द विभक्तीला चिकटून आतून बदलतो. 'लेणी' शोधले तर 'लेण्यांमध्ये' सापडत नाही. यावर युक्ती म्हणजे शब्दाचा पहिला तुकडा देऊन पुढे तारांकन टाकायचे. 'लेण' आणि तारांकन दिले की दोन्ही मिळतात. आम्ही खूश झालो. मग 'विहीर' घेतली. विहीर दीर्घ, विहिरीत मात्र ऱ्हस्व! दोन्हींत समान असलेला तुकडा फक्त 'विह'. तो देऊन शोधले की विहिरी तर येतात, पण त्यांच्याबरोबर लेण्याद्रीचे सगळे विहारही येतात. सिव्हिलच्या पोराला पाण्याची पातळी पाहिजे आणि कॉम्प्युटर त्याला बौद्ध भिक्षूंच्या खोल्या दाखवतो.

मराठी शब्दांचे मूळ रूप काढणारा प्रोग्रॅम आम्ही लिहायला घ्यावा का? मोह फार झाला, प्रोजेक्ट म्हणूनही झकास. पण प्रश्न विचारला: पुढे करता येईल का? येईल. मजकूर शाबूत असेल तर शोध नंतर कधीही सुधारता येतो, सगळ्या फाइलींची सूची पुन्हा बनवली की झाले. म्हणून ते मागे ठेवले आणि तात्पुरता उपाय केला. 'विषय' हा रकाना मोकळा न ठेवता ठरावीक यादीतून निवडायचा केला: विहीर, धरण, दरड, लेणी, कांदा, द्राक्ष, बिबट्या. शब्द मूळ रूपात, एकाच स्पेलिंगमध्ये. मंदिर की मन्दिर, हा वाद तिथेच मिटला.

फॉन्टचे मात्र उलटे. जुने मराठी रिपोर्ट श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. त्यात पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलच्या पोटात असतात इंग्रजी कीबोर्डची अक्षरे. फॉन्ट नसेल तर सगळा मजकूर कचरा होतो. ते युनिकोडमध्ये पालटण्याचे काम पुढे करता येते, पण एका अटीवर: कोणत्या फॉन्टमध्ये टाइप केले ते आज नोंदवलेले हवे. म्हणजे मागणी मोठी दिसत होती, प्रत्यक्षात आजचे काम निघाले एका रकान्याचे. मागणीचे असे दोन तुकडे करता येतात का हे आधी बघावे असे माझे मत झाले आहे. बहुतेक वेळा आजच करण्याचा तुकडा लहान असतो.

ज्या मोजमापांना दुसरी संधी नाही

आता ज्यामुळे आमच्या चौघांचे हसणे-खिदळणे थोडे थांबले तो भाग. ३० जुलै २०१४ रोजी आपल्या आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसे गेली. तुमच्यापैकी पश्चिम भागातून आलेल्यांना त्याबद्दल मी सांगावे असे काही नाही. लायब्ररीच्या कपाटात नंतरच्या वर्षांतले सिव्हिलच्या विद्यार्थ्यांचे काही रिपोर्ट आहेत. आपापल्या वाड्यांच्या वरच्या उतारांची मोजमापे त्यांनी घेतली आहेत: उताराचा कोन, जमिनीतल्या भेगांची रुंदी, पावसाळ्यात पाणी कुठून फुटते, ओढ्याची वाट. मार्क मिळाले, ब्लॅक बुक कपाटात गेले.

पण एखादी भेग वाढते आहे का हे कळायला आधीचा आकडा लागतो. आज जाऊन नवीन मोजमाप घेता येईल, त्या वर्षीचे घेता येणार नाही. एका सीडीवर फोटो आणि मूळ आकड्यांची एक्सेल फाइल होती, छापील प्रतीत फक्त आलेख. सीडी बाहेरून ड्राइव्ह आणून लावली तेव्हा अर्ध्या फाइली उघडल्या, अर्ध्या नाही. आमच्या यादीचा वरचा भाग त्या दुपारी बदलला. 'पीडीएफसोबत मूळ डेटाची फाइल घेणे' ही मागणी वहीत कोणीच लिहिली नव्हती. ती आम्ही स्वतः घातली, आणि पहिल्या क्रमांकावर ठेवली. जुन्या सीडी उतरवून घेणे हे त्याच्याही आधीचे, कारण तिथे प्रत्येक महिना मोजावा लागतो.

चेकसमही याच कारणाने वर आला. फाइल आत येताना तिच्यावरून एक लांबलचक आकडा काढून ठेवतात आणि ठरावीक काळाने पुन्हा काढून ताडून बघतात. फाइलमध्ये एक बिट बदलला तरी आकडा बदलतो. डीस्पेसमध्ये ही सोय तयार आहे, फक्त चालू करायची आणि अहवाल कोणाच्या ईमेलवर जाणार ते ठरवायचे. मात्र खराब झाल्याचे नुसते कळून उपयोग नाही, चांगली प्रत दुसरीकडे असावी लागते. आमची एक प्रत कॉलेजच्या सर्व्हरवर, दुसरी लायब्ररीतल्या वेगळ्या डिस्कवर, तिसरी कॉलेजच्या आवाराबाहेर.

याच रिपोर्टांनी परवानगीचा प्रश्नही आणला. त्यात घरमालकांची नावे आहेत, कोणाचे घर किती धोक्यात हे आहे. हे सरसकट इंटरनेटवर टाकायचे? काही सर म्हणाले की नकोच, सगळे फक्त कॉलेजच्या आत दिसू दे. माझे मत वेगळे आहे. ज्या वाडीत मोजमाप घेतले त्या वाडीला ते बघता आले पाहिजे, नाहीतर मोजले कोणासाठी? शेवटी ठरले ते असे: मोजमापे खुली, नावांची पाने बंद, आणि विद्यार्थ्याला पेपर किंवा पेटंट करायचे असेल तर खोडदसारखीच १८ महिन्यांची मुदत. मुदत ठेवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण परवानगीची सही आजच घ्यावी लागते. पास होऊन गेलेल्याला सहीसाठी शोधणे म्हणजे काय ते ऑफिसला विचारा.

सध्या जमलेले, न जमलेले

कायमच्या लिंकसाठी 'हँडल' नावाची पद्धत घेतली आहे. सर्व्हर बदलला तरी क्रमांक तोच राहतो, त्याला थोडे वार्षिक शुल्क पडते आणि ते मंजूर झाले आहे. आकड्यांचे तक्ते सोपे निघाले, ऑफिस खूश. चोरी पकडणारी सोय मागे पडली आणि सर नाराज आहेत. खरे तर सगळे रिपोर्ट एका ठिकाणी शोधता आले की निम्मी चोरी तशीच उघडी पडेल, पण हे त्यांना पटलेले नाही. सरकते फोटो सध्या नको. 'सगळे एका क्लिकवर' तर नाहीच. मोबाइल ॲपऐवजी मोबाइलच्या ब्राउझरमध्ये पाने नीट दिसतात, तेवढ्यावर भागवा. काळा स्क्रीन एका ज्युनिअरने एका रात्रीत करून दिला, त्याला कोणी क्रम विचारला नव्हता.

मराठी मूळ रूप काढणारा प्रोग्रॅम अजून कोणी घेतलेला नाही. थर्ड इयरमधल्या कोणाला फायनलच्या प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर लायब्ररीत येऊन भेटावे. 'विह'चा प्रश्न सोडवणाऱ्याला चहा आमच्याकडून.

या वर्षीचे सबमिशन करणाऱ्यांनी पीडीएफ, मूळ डेटाची फाइल, सही केलेला परवानगीचा कागद आणि मराठी मजकूर असल्यास फॉन्टचे नाव, या चार गोष्टी बरोबर आणाव्यात. ज्यांच्या घरी किंवा खोलीत जुन्या बॅचच्या सीडी पडून आहेत त्यांनी त्या पुसू-बिसू नयेत, जशा आहेत तशा लायब्ररी मॅडमकडे द्याव्यात. बाहेरून आणलेला ड्राइव्ह सेमिस्टर संपेपर्यंत आपल्याकडे आहे.